मॅग्ना कार्टा ते फिलाडेल्फिया : उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि अमेरिकन राज्यघटनेचा प्रश्न आला, की पहिलं वाक्य मला न वाचताच पाठ असतं. ‘१२१५ साली मॅग्ना कार्टाने इंग्लंडच्या जनतेला मूलभूत हक्क दिले आणि तेच पुढे अमेरिकेने घेतले.’ एवढ्याशा वाक्यात दोन चुका.

‘जनतेला’ हा शब्द आधी खोडा. रनीमीडच्या कुरणावर जॉन राजाला ती सनद मान्य करायला लावली ती बंडखोर सरदारांनी, आणि त्यात मुख्यतः त्यांचीच गाऱ्हाणी होती. सरदार मेला तर वारसाने राजाला किती रक्कम भरायची, विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करायची नाही, असले विषय. टेम्स नदीतले मासे धरायचे बांध काढून टाका, असंही एक कलम आहे! कायद्याशिवाय कुणाला कैद करू नये, हे ते प्रसिद्ध ३९ वं कलम. पण तेही ‘स्वतंत्र माणसा’पुरतं, आणि जमिनीला बांधलेले कितीतरी शेतकरी त्या व्याख्येत बसतच नव्हते. शिवाय अडीच महिन्यांच्या आत पोपने ही सनद रद्द ठरवली. पुढे १२१६, १२१७ आणि १२२५ मध्ये फेरफार करून ती पुन्हा काढावी लागली.

मग तिचा एवढा दबदबा झाला कसा? तो एडवर्ड कोकमुळे. सतराव्या शतकात स्टुअर्ट राजे मनमानी करू लागले, तेव्हा या कायदेपंडिताने जुनी सनद धूळ झटकून बाहेर काढली आणि राजासमोर धरली. १६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’मागे, म्हणजे पार्लमेंटने राजापुढे ठेवलेल्या हक्कांच्या अर्जामागे, त्याचाच हात होता. अमेरिकेतल्या वसाहतींमधले वकील कोकची पुस्तकं वाचून तयार झाले. त्यांच्या डोक्यातली मॅग्ना कार्टा सरदारांची नव्हती, कोकची होती. म्हणून १२१५ वरून थेट १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेवर उडी मारू नका. आणि ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायद्याची रीतसर प्रक्रिया) हे शब्द मूळ सनदेत आहेत, असंही लिहू नका. तिथे ‘देशाचा कायदा’ असं आहे. ‘ड्यू प्रोसेस’ आलं १३५४ च्या कायद्यात.

आता दुसरी चूक, ‘तेच घेतले’. खरं तर ही चूक होणं स्वाभाविक आहे, कारण १६८९ चं इंग्लंडचं बिल ऑफ राइट्स (हक्कांचा जाहीरनामा) आणि १७९१ चं अमेरिकेचं, म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या, समोरासमोर ठेवलं तर एक वाक्य जवळजवळ उतरवून काढलेलं दिसतं. जामीन अवाजवी नको, दंड अवाजवी नको, शिक्षा क्रूर आणि असाधारण नको. फरक इतकाच, की इंग्लंडच्या मजकुरात ‘ऑट नॉट’ आहे आणि अमेरिकेच्या आठव्या दुरुस्तीत ‘शॅल नॉट’. ‘करू नये’चं ‘करायचं नाही’ झालं.

पण जरा पुढे वाचा. १६८९ च्या मजकुरात भाषणस्वातंत्र्य आहे, ते पार्लमेंटच्या सभागृहात बोलणाऱ्यांना. शस्त्र बाळगण्याची मुभा आहे, ती प्रोटेस्टंट प्रजेला. तो सगळा दस्तऐवज राजाचे हात बांधतो आणि पार्लमेंटला मोकळं सोडतो. उलट अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच ‘काँग्रेस (म्हणजे अमेरिकेचं कायदेमंडळ) असा कोणताही कायदा करणार नाही’ अशी. कारण सरळ आहे: १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट हा कराचा कायदा वसाहतींवर लादला तो पार्लमेंटने. शब्द इंग्रजांचेच, पण लगाम आता कायदेमंडळाच्या तोंडात. ‘नक्कल’ हा शब्द लिहायच्या आधी हा फरक मांडा, निम्मं उत्तर तिथेच होतं.

दोन छोट्या गोष्टी उरकून घेतो. हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे आणून कैदेचं कारण विचारण्याचा हक्क, अमेरिकेच्या बिल ऑफ राइट्समध्ये शोधू नका. ते मूळ घटनेतच, पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या विभागात आहे. आणि १७९१ च्या दुरुस्त्या राज्यांना लागू होत्या, असं समजू नका. १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट नाकारलं. राज्यांना आवर घालायची वाट १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने उघडली.

‘महाभियोग चालला, म्हणजे अध्यक्ष गेला’ हेही सर्रास लिहिलं जातं. महाभियोग म्हणजे काँग्रेसच्या एका सभागृहाने, प्रतिनिधीगृहाने, ठेवलेला आरोप. खटला दुसऱ्या सभागृहापुढे, सिनेटपुढे, चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला. आजवर एकही अध्यक्ष सिनेटमध्ये दोषी ठरलेला नाही. निक्सनने तर सभागृहाचं मतदान व्हायच्या आतच राजीनामा दिला.

ही पद्धतही इंग्लंडचीच, आणि इथे आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो. ८ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात, अमेरिकेची घटना तयार करणाऱ्या परिषदेत, महाभियोगाच्या कलमावर चर्चा चालू होती. मसुद्यात देशद्रोह आणि लाचखोरी एवढेच गुन्हे होते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप नाहीच. तोच वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्यावर तेव्हा इंग्लंडमध्ये महाभियोगाची कारवाई चालू होती आणि ज्याच्या कारकिर्दीत कंपनीने मराठ्यांशी पहिलं युद्ध केलं आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह केला. मेसनना ‘गैरकारभार’ हा शब्द घालायचा होता. व्हर्जिनियाचेच दुसरे प्रतिनिधी मॅडिसन यांनी हरकत घेतली: इतका सैल शब्द ठेवला तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग मेसननी इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये १३८६ पासून चालत आलेला शब्दप्रयोग सुचवला, ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ (मोठे गुन्हे आणि गैरवर्तन). तोच घटनेत बसला. इंग्लंडमध्ये महाभियोगात डोकंही उडवता येत असे. अमेरिकेत शिक्षा फक्त पद जाण्याची आणि पुढे पदबंदीची. बाकीचं साध्या कोर्टात.

हेस्टिंग्जचा खटला लंडनमध्ये १७८८ च्या फेब्रुवारीत उभा राहिला आणि सात वर्षं रखडला. १७९५ मध्ये तो सुटला, तोवर त्याच्या नावाचा दाखला देऊन लिहिलेलं कलम अमेरिकेत लागू होऊन सहा वर्षं झाली होती.