जुन्या पिकअपच्या दरवाजाचं पॅनल: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग रेक्झिन

जुन्या पिकअपचं दरवाजाचं पॅनल नेहमी खालूनच का फुगतं? काचेच्या फटीतून पाणी दरवाजात शिरतं म्हणून. रबरपट्टी नवीकोरी असली तरी थोडं शिरतंच, आणि दरवाजा बनवणाऱ्याने ते धरूनच चाललेलं असतं. पाणी पत्र्यांच्या मधून खाली उतरावं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशी सोय असते. ती भोकं मातीने बुजली किंवा पॅनलमागचं प्लास्टिक फाटलं, की पाणी थेट बोर्डाला लागतं. माझ्याकडे लोक रेक्झिनचे नमुने घेऊन येतात. मी आधी विचारतो, मागचं प्लास्टिक आहे का जागेवर? बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं.

काढण्यापासून सुरुवात करू. काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कुठल्या कोनात आहे त्याचा फोटो काढून ठेवा. आर्मरेस्टचे आणि ओढायच्या कडीचे स्क्रू कधीकधी छोट्या टोपणाखाली दडलेले असतात. काच फिरवायच्या हँडलला एक तर मधोमध स्क्रू असतो, नाहीतर मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. तिच्यासाठी खास हत्यार मिळतं. मी जुन्या फडक्याची पट्टी वापरतो. ती हँडल आणि पॅनलच्या फटीत सारायची, दोन्ही टोकं धरून आरा चालवल्यासारखी मागेपुढे ओढायची. फडकं क्लिपच्या टोकांत अडकतं आणि क्लिप टणकन उडते, म्हणून कुणाला तरी हात आडवा धरायला सांगा. पॉवर विंडो असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढा.

पॅनल उचकताना प्लास्टिकची पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घाला. लांबून ओढलं तर क्लिप दारातच राहते आणि बोर्डाचा लचका निघतो. बऱ्याच गाड्यांत पॅनलची वरची कड काचेखालच्या पत्र्यावर अडकवलेली असते. सगळ्या क्लिपा सुटल्या की ते वर उचलून काढायचं.

जुनं पॅनल कितीही कुजलेलं असो, टाकू नका. बाहेरचा आकार त्यावरूनच मिळतो, आणि खालचा भाग गेलाच असेल तर दुसऱ्या दाराचं पॅनल उलटं ठेवून रेघ मारता येते. भोकांच्या बाबतीत मात्र मी जुन्या पॅनलवर विश्वास ठेवत नाही. इतक्या वर्षांत दरवाजा ठोकलेला असतो, कधी बदललेलाही असतो. दरवाजावर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवा. क्लिपांची भोकं, हँडलचा दांडा, लॉकची कडी, सगळं आरपार दिसतं. मार्करने थेट खुणा करा. प्रत्येक दाराला वेगळा नमुना, आणि त्यावर 'डावा', 'उजवा', 'दर्शनी बाजू' असं लिहायचं. हे लिहायचा कंटाळा केला की दोन डावी पॅनलं तयार होतात.

बोर्ड कुठला घ्यावा? साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको, ओल लागली की तो फुगणारच. रेक्झिन चढवायचं असेल तर 3 ते 4 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. नुसतं रंगवून वापरायचं असेल तर 3 मिलिमीटरची एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिकची शीट. ती कुजत नाही, पण तिच्यात स्टेपल धरत नाही.

इथे एक हिशोब करा. बोर्ड, फोम आणि रेक्झिन मिळून जाडी जुन्या पॅनलइतकीच हवी. हौसेने जाड फोम घातला, तर हँडल दांड्याच्या खाचांपर्यंत पोचत नाही आणि क्लिपा अर्ध्यावरच अडकतात. फोम पातळ आणि बंद छिद्रांचा घ्या. स्पंजसारखा उघडा फोम पाणी धरून ठेवतो.

भोकं पाडून झाली की प्लायला पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या: पुढून, मागून, कडांना आणि भोकांच्या आतही. एकाच बाजूला दिलंत तर बोर्डाला बाक येतो.

चिकटवताना रेक्झिनला चालणारं, उष्णता सोसणारं अ‍ॅडहेसिव्ह विचारून घ्या. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य असतं, ते साध्या कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हला हळूहळू ढिलं करतं. त्यात बंद गाडीतलं ऊन, म्हणजे फुगे आलेच. दोन्ही पृष्ठभागांवर लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मधून कडांकडे दाबत जा. कडेने 25 मिलिमीटर जास्त ठेवून मागे दुमडा. बाहेर वळणाऱ्या कोपऱ्यावर व्ही आकाराचे तुकडे कापून काढा, आत वळणाऱ्या ठिकाणी नुसत्या चिरा द्या. दोन्ही काप कडेच्या 3 मिलिमीटर अलीकडे थांबवा. स्टेपलचा पाय बोर्डापेक्षा लांब नको, नाहीतर टोकं दर्शनी बाजूने हाताला लागतील.

आता दरवाजा. तळाची भोकं तारेने मोकळी करा. नवं जाड प्लास्टिक ब्युटाइल रबराच्या चिकट दोरीने पत्र्यावर बसवा, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दरवाजाच्या आत सोडा. ती कड बाहेर राहिली तर प्लास्टिकवरून ओघळणारं पाणी पॅनलच्या मुळाशीच साचतं. पॅनल लावण्याआधी बाहेरून काचेवर भरपूर पाणी ओता. ते तळाच्या भोकांतून गळलं पाहिजे, आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे.

बसवताना आधी वरची कड अडकवा, मग एकेक क्लिप भोकासमोर आणून तळहाताने ठोका. एखादी जात नसेल तर हातोडी घेऊ नका. पॅनल सैल करून क्लिप वाकडी झाली आहे का ते पाहा. नालेची क्लिप आधी हँडलमध्ये बसवायची आणि हँडल दांड्यावर दाबायचं, खट्ट आवाज येतो. मग काच पूर्ण खाली-वर करून बघा. कुठे खरखर झाली तर आधी आर्मरेस्टचे स्क्रू काढून मोजा. नव्या स्क्रूंपैकी एखादा लांब निघतो आणि काचेला किंवा तिच्या यंत्रणेला घासत असतो.