म्युझिक स्टोअर साखळीच्या अखेरच्या सेलमध्ये खरेदी कशी करावी

सीडी आणि रेकॉर्ड विकणारी एखादी मोठी साखळी बंद पडते, तेव्हा काचेवर लागलेला "सर्व माल विकणे आहे" हा फलक जुन्या मालकांनी लावलेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सगळ्या शाखांमधला माल एखादी लिक्विडेटर कंपनी लिलावात उचलते, किंवा ठरावीक मोबदल्यावर तो विकून देण्याचे काम अंगावर घेते, आणि त्यानंतर सवलत किती द्यायची व कधी वाढवायची हे तिच्या हिशेबाने ठरते. 1960 साली रस सॉलोमन यांनी सॅक्रामेंटो येथे सुरू केलेल्या टॉवर रेकॉर्ड्सचे अमेरिकेत असेच झाले. ऑक्टोबर 2006 मधील लिलावात ग्रेट अमेरिकन ग्रुप या लिक्विडेटर कंपनीने सुमारे 13 कोटी 43 लाख डॉलरची बोली लावली. काही दुकाने चालू ठेवू पाहणारी ट्रान्स वर्ल्ड एंटरटेनमेंट ही कंपनी अवघ्या 5 लाख डॉलरने मागे पडली, काही दिवसांतच सेल सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत दुकाने रिकामी झाली.

ग्राहकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, लिक्विडेटरला तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा यावे अशी गरज नसते. त्याला रोज भाडे, पगार आणि वीज यांचा खर्च भरावा लागतो, म्हणून प्रत्येक नगामागे शक्य तितकी जास्त रक्कम आणि तीही शक्य तितक्या लवकर, एवढेच त्याचे उद्दिष्ट असते. त्यामुळे सवलत आरंभी तुटपुंजी असते आणि माल उठेनासा झाला की टप्प्याटप्प्याने वाढते. अशा सेलमधली सगळी हुशारी कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर घ्यायची, हे ओळखण्यात आहे.

टक्क्यांचा हिशेब

पहिल्या आठवड्यातल्या फलकांकडे साशंकतेनेच पाहावे. "30 टक्क्यांपर्यंत सवलत" या वाक्यातला "पर्यंत" हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि ज्या विभागात तुम्हाला रस आहे तिथे प्रत्यक्षात 10 टक्केच मिळत असतात. दुसरे असे की, साखळी चालू असताना अनेक सीडी छापील किमतीपेक्षा कमी दराने विकल्या जात होत्या, तर सेल सुरू होताच ते जुने दर रद्द करून सवलत पुन्हा मूळ छापील किमतीवर मोजली जाते. समजा, छापील किंमत 100 आहे आणि तोच नग इतरत्र 70 ला मिळतो. मग 20 टक्के सवलतीत तो 80 ला पडेल, म्हणजे सेलमध्ये घेऊनही 10 जास्तच गेले. 30 टक्क्यांवर बरोबरी होते, आणि खरी बचत त्यानंतर सुरू होते. "50 टक्क्यांवर आणखी 20 टक्के" या घोषणेतही एकूण सवलत 70 नसून 60 टक्के असते, कारण दुसरी सवलत उरलेल्या निम्म्या रकमेवर लागते.

जुन्या लेबलवर नवे लेबल चिकटवलेले दिसले, तर खालची किंमत वाचता येते का ते पाहावे. ती वाचता आली, तर तेवढ्यानेच बरेच काही कळते.

दुकानात उभे असताना बाजारभाव पाहण्याची सोय फोनवर करून ठेवावी. नव्या, सहज मिळणाऱ्या सीडीसाठी कोणतेही मोठे ऑनलाइन दुकान पुरते. छपाई थांबलेल्या आवृत्तीसाठी मात्र डिस्कॉग्ससारख्या ऑनलाइन सूचीचा उपयोग अधिक, कारण तिथे बारकोड किंवा सीडीच्या कण्यावर छापलेला कॅटलॉग क्रमांक टाकला, तर नेमकी कोणती आवृत्ती हाती आहे आणि ती पूर्वी कितीला विकली गेली हे दिसते. एकाच अल्बमची मूळ आवृत्ती, पुनर्मुद्रित आवृत्ती आणि जादा गाणी असलेली आवृत्ती शेजारी शेजारी एकाच किमतीला ठेवलेल्या असतात. लिक्विडेटरच्या यंत्रणेला त्यांतला फरक दिसत नाही, तो तुम्हाला दिसला पाहिजे.

आधी काय घ्यावे, नंतर काय

मोठ्या साखळीच्या प्रत्येक शाखेत गाजलेल्या अल्बमच्या पाच-दहा प्रती असतातच. त्या पहिल्या आठवड्यात उचलण्याचे काही कारण नाही. त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकतात आणि बहुधा निम्म्याहून कमी किमतीत पदरात पडतात. याउलट ज्या वस्तूची एकच प्रत आहे, ती हवी असेल तर सवलत 10 टक्के असली तरी घेऊन मोकळे व्हावे. शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत, आयात केलेल्या आवृत्त्या, चित्रपटांचे पार्श्वसंगीत आणि बॉक्स सेट हे विभाग जाणकार लोक पहिल्या दोन-तीन दिवसांत चाळून जातात, आणि त्यांच्यामागून पुनर्विक्रीसाठी माल गोळा करणारे येतात. म्हणून पहिली फेरी याच विभागांत काढावी आणि लोकप्रिय संगीताच्या मांडणीकडे त्या दिवशी पाहूही नये.

या दोन टोकांच्या मध्ये बराच माल असतो आणि त्याच्या बाबतीत स्वतःची एक मर्यादा मनाशी ठरवून ठेवलेली बरी. हा नग हातचा गेला तर हळहळ वाटेल का, हा प्रश्न उपयोगी पडतो. वाटणार असेल तर सध्याच्या दराने घ्यावा, नसेल तर पुढच्या टप्प्याची वाट पाहावी. ज्यांना वाट पाहायची आहे पण नगही हवा आहे, ते सीडी भलत्याच विभागात लपवून ठेवतात. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ती क्वचितच साधते. शिवाय विभाग विस्कटले की सगळ्यांचाच शोध अवघड होतो.

विस्कटणे तसेही अटळ असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर अक्षरक्रम मोडतो, बंद झालेल्या शाखांमधला माल उरलेल्या शाखांमध्ये खोक्यांनी येऊन पडतो, आणि दुकानातल्या संगणकावर दिसणारा साठा प्रत्यक्षाशी जुळत नाही. म्हणून "अमुक सीडी आहे का" असे विचारण्यापेक्षा नवी खोकी कधी उघडतात आणि दर कोणत्या वारी उतरतात, हे विचारावे. ज्यांची नोकरी काही आठवड्यांत जाणार आहे अशा कर्मचाऱ्यांशी आपण बोलत आहोत, याचे भान ठेवून विचारले तर ते बहुधा मोकळेपणाने सांगतात. सवलतीचे टक्के त्यांच्या हातात नसतात, तेव्हा गल्ल्यावर त्यांच्याशी घासाघीस करणे व्यर्थ आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: सेलमधला सगळा माल त्या साखळीचाच असेल असे नाही. काही लिक्विडेटर गर्दीचा फायदा घेऊन बाहेरून स्वस्त माल आणून मांडतात. ज्या दुकानात पूर्वी कधी न दिसलेले हेडफोन, स्पीकर किंवा अनोळखी कंपन्यांची संकलने अचानक ढिगाने दिसू लागतात, तिथे ती शंका रास्त असते.

नग तपासताना

अशा सेलमध्ये माल परत घेतला जात नाही, आणि घेतो म्हटले तरी महिन्याभराने घेणारे कोणी उरत नाही. त्यामुळे तपासणी गल्ल्यावर पोहोचण्यापूर्वीच व्हायला हवी.

सीलबंद सीडी कानाशी धरून हलकेच हलवावी. आत खडखड आवाज आला, तर चकती मध्यभागी धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे दाते तुटलेले असून ती आत मोकळी फिरत असते. साधी प्लॅस्टिकची डबी असेल तर ती बदलता येते, म्हणून तेवढ्यासाठी चांगला नग सोडू नये. पुठ्ठ्याच्या घडीच्या आवरणात मात्र तो ट्रे चिकटवलेला असतो आणि तो बदलणे त्रासाचे असते. डबीची कड कापलेली किंवा तिला भोक पाडलेले आढळले, तर तो नग कंपनीने आधीच कमी भावात काढून टाकलेला जुना साठा आहे. आतल्या सीडीत सहसा दोष नसतो, पण त्याला पूर्ण छापील किंमत लावलेली असेल तर ती देऊ नये.

उघडी सीडी पाहताना बहुतेक जण चकचकीत बाजूवरचे ओरखडे शोधतात. त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पारदर्शक पॉलिकार्बोनेट असते आणि बारीक ओरखडे प्लेअर निभावून नेतो. खरा धोका छापील बाजूला असतो, कारण ध्वनीची नोंद धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर तिथे केवळ लॅकरच्या (वार्निशसारख्या) लेपाखाली असतो, आणि त्या बाजूने खोल ओरखडा गेला की तेवढी नोंद कायमची जाते. सीडी दिव्यासमोर धरावी. प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले किंवा कडेकडून रंग तपकिरी झालेला आढळला, तर ती ठेवून द्यावी.

रेकॉर्डची तपासणी वेगळी असते. सीलबंद असली तरी ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने पाहावी, कारण आवळून बसलेल्या प्लॅस्टिकमुळे किंवा तिरकी उभी ठेवल्यामुळे ती वाकलेली असू शकते. आवरणाची वरची आणि खालची शिवण बोटांनी चाचपावी. आतल्या रेकॉर्डच्या वजनाने ती फाटलेली असेल तर प्लॅस्टिकवरूनही कळते. शंभर रेकॉर्डचे वजन सहज 25 किलोच्या घरात जाते, तेव्हा मोठी खरेदी करणाऱ्याने मजबूत खोकी बरोबर न्यावीत आणि घरी नेताना रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात.

बॉक्स सेट उघडा असेल, तर मागे छापलेल्या यादीशी आतल्या चकत्यांची संख्या आणि पुस्तिका ताडून पाहावी. प्रदर्शनात ठेवलेला टर्नटेबल घ्यायचा असेल, तर ॲडॉप्टर, झाकण आणि सुई जागेवर आहेत का ते पाहावे आणि सुई नवी बसवावी लागेल असे धरूनच किंमत ठरवावी. डीव्हीडी आणि ब्लू-रे घेताना ती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा विभागाचा (रीजनचा) क्रमांक वाचावा. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग 1, युरोप व जपान विभाग 2 आणि भारत विभाग 5 मध्ये येतो; ब्लू-रेसाठी हेच अमेरिका ए, युरोप बी आणि भारत सी असे आहे. ऑडिओ सीडीला हे बंधन नाही. मात्र 2005 सालच्या काही सोनी बीएमजी सीडींमध्ये संगणकावर गुपचूप सॉफ्टवेअर बसवणारी कॉपीविरोधी यंत्रणा होती. ओरड झाल्यावर कंपनीने त्या परत मागवल्या, तरी त्या काळातली एखादी प्रत कोपऱ्यातल्या खोक्यात सापडली, तर ती संगणकात न घालता साध्या प्लेअरवर ऐकावी.

पैसे देताना

साखळीचे गिफ्ट कार्ड किंवा व्हाउचर जवळ असेल, तर बंद होण्याची बातमी कानावर येताच ते वापरून टाकावे. दिवाळखोरीत कार्डधारक हा सामान्य, विनातारण घेणेकरी ठरतो आणि त्याचा क्रमांक बहुधा बराच शेवटी लागतो. जानेवारी 2013 मध्ये ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीत दुकानांच्या साखळीचा कारभार दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या प्रशासकांकडे गेला, तेव्हा व्हाउचर स्वीकारणे एकाएकी थांबवण्यात आले होते. लोकांच्या रोषानंतर साधारण आठवड्याने ते पुन्हा सुरू झाले, पण प्रत्येक वेळी असे घडेल यावर विसंबू नये. आगाऊ नोंदणी किंवा अनामत रक्कम या काळात मुळीच देऊ नये.

कार्डने पैसे देण्याची सोय असेल, तर मोठ्या खरेदीसाठी रोखीपेक्षा तीच पत्करावी, म्हणजे वाद झाल्यास बँकेकडे दाद मागता येते. हेडफोन किंवा प्लेअरवर निर्मात्या कंपनीची हमी असेल, तर ती दुकान बंद झाल्याने संपत नाही. मात्र त्यासाठी बिल लागते, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. महागड्या सीडींना लावलेली कुलपाची प्लॅस्टिक चौकट गल्ल्यावर काढली गेली की नाही, हेही दुकानाबाहेर पडण्यापूर्वी पाहावे, कारण ती उघडण्याचे अवजार घरी नसते आणि पुढच्या आठवड्यात दुकानही नसते.

साखळीचे नाव आणि बोधचिन्ह वापरून "अखेरचा सेल" म्हणून 90 टक्के सवलत देणारी संकेतस्थळे अशा काळात पिकतात. साखळीच्या मूळ संकेतस्थळावरून त्याची खात्री होत नसेल, तर तिथे कार्डचा क्रमांक देऊ नये.

शेवटचे दिवस

अखेरच्या आठवड्यात सवलत 80-90 टक्क्यांवर जाते आणि मांडणीवर उरतो तो मुख्यतः कोणाला नको असलेला माल. त्यात हाताला लागेल ते स्वस्त म्हणून पिशवीत भरण्याचा मोह होतो. चिकाटी असेल तर गाजलेल्या अल्बमच्या उरलेल्या प्रती आणि चुकीच्या खोक्यात गेलेला एखादा चांगला नग याच दिवसांत सापडतो, पण त्यासाठी दोन-तीन तास उभ्याने खोकी चाळायची तयारी हवी.

ज्यांच्याकडे मोठा संग्रह आहे, त्यांनी या टप्प्यावर संगीतापेक्षा फर्निचरकडे पाहावे. रेकॉर्ड ठेवण्याचे लाकडी कप्पे, सीडीचे रॅक, कलाकारांची नावे लिहिलेले विभाजक आणि भिंतीवरची मोठी छायाचित्रे हे सगळे विकायला काढलेले असते आणि त्यांच्या किमतीवर मात्र व्यवस्थापकाशी घासाघीस करता येते. कप्पा घेण्यापूर्वी आतली रुंदी मोजावी. रेकॉर्डचे आवरण साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचे असल्यामुळे 33 सेंटिमीटरपेक्षा कमी जागा अपुरी पडते. रॅक भिंतीला किंवा शेजारच्या रॅकला बोल्टने जोडलेला असतो आणि तो सोडवण्याची जबाबदारी बहुधा घेणाऱ्याचीच असते, तेव्हा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, मदतीला एक माणूस आणि वाहन यांची व्यवस्था आधीच करावी. पैसे दिल्यानंतर सामान कोणत्या तारखेपर्यंत उचलायचे हे बिलावर लिहून घ्यावे, कारण त्या तारखेनंतर जागेचा ताबा घरमालकाकडे जातो आणि आत राहिलेली वस्तू परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते.