रजा संपत आली आणि बाळ बाटली घेईना: काय करावं?

आधी रजेचा हिशेब करा. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्यांनी ते घेतले त्यांचं बाळ रुजू होताना जेमतेम चार महिन्यांचं असतं. ज्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत काम केलं त्यांचं जवळजवळ सहा महिन्यांचं. नाशिकजवळच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांमध्ये कंत्राटावर असलेल्या कितीतरी जणी तर त्याच्याही आधी कामावर येतात. पुढचं सगळं बाळाच्या या वयावर ठरतं.

बाळ तोवर सहा महिन्यांचं होणार असेल तर माझं स्पष्ट मत आहे: बाटलीच्या फंदात पडू नका. वरचं अन्न तेव्हा सुरू होतंच. काढून ठेवलेलं दूध छोट्या वाटीने किंवा चमच्याने पाजायला शिकवा. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही वाटी-चमचाच सुचवतात, कारण निप्पलच्या खाचा नीट स्वच्छ झाल्या नाहीत की जुलाब ठरलेले. बारशाला सराफ बाजारातून आलेलं चांदीचं बोंडलं शोकेसमध्ये पडून असेल तर तेही काढा. स्वच्छ घासून उकळलं की ते कामाचं भांडं आहे. पण पाळणाघरातल्या मावशींना चार मुलं एकदम सांभाळायची असतात. त्या चमचा घेऊन अर्धा तास बसतील ही अपेक्षा धरता येत नाही. तिथे बाटलीच लागते, आणि बाळ लहान असेल तर आत्तापासून सवय हवी.

सुरुवात कधी? पहिला महिना-दीड महिना फक्त अंगावर. दूध नीट उतरू द्या, बाळाला ओढायची सवय होऊ द्या. त्यानंतर, रुजू व्हायच्या किमान तीन-चार आठवडे आधी, दिवसातून एकदा बाटली द्यायला लागा. शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर घरातले सगळेच रडवेले होतात.

दूध काढणं आणि ठेवणं. सकाळी पहिल्यांदा पाजून झालं की थोडं दूध काढा, त्या वेळी ते बऱ्यापैकी असतं. पंपाने काढा किंवा हाताने. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नाशिकच्या थंडीत हे जमतं, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा या चार तासांवर विसंबू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दारात नाही, आतल्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं. डब्यावर तारीख लिहा. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळवलं की 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. लाइट बराच वेळ जाऊन बर्फ पूर्ण वितळला, पण दूध अजून गार असेल, तरी हाच नियम.

देताना गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली धरून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. बाळाने तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं. जीवावर येतं, म्हणून बाटलीत थोडं थोडंच भरा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काही जणींच्या दुधाला फ्रिजमध्ये ठेवल्यावर साबणासारखा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, त्यातल्या लायपेज नावाच्या पाचक द्रव्याने तसं होतं. पण बाळ तोंड फिरवतं आणि घरात निष्कर्ष निघतो, ‘बाटली आवडत नाही.’ ठेवलेल्या दुधाचा थेंब स्वतः चाखून बघा. चव तशी असेल तर एक दिवस ताजं काढलेलं दूध देऊन पाहा. ते घेतलं तर दोष बाटलीचा नव्हता. अशा वेळी मात्र दूध काढल्या-काढल्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून, झटकन गार करून मग साठवायचं.

पाजणार कोण? आईने नाही. बाळाला आईच्या दुधाचा वास कळतो. खरं समोर असताना ते रबर कशाला तोंडात घेईल? आजी, बाबा, किंवा पुढे ज्या मावशी सांभाळणार आहेत त्या. आईने त्या वेळात घराबाहेर पडावं. शेजारी जाऊन बसा, कोपऱ्यावरून भाजी आणा. आतल्या खोलीतून ‘घेतलं का गं?’ असं विचारत राहिलात तर आवाजाने सगळं फिसकटतं.

प्रत्यक्ष पाजताना बाळ भुकेने कळवळलेलं नको. झोपून उठलेलं, खुशीत असलेलं, थोडी भूक असलेलं हवं. निप्पल सर्वांत कमी धारेचं घ्या. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, डोक्याला आधार द्या. निप्पल वरच्या ओठाला हलकेच लावून थांबा. बाळ तोंड उघडून स्वतः आत घेईल तेव्हाच द्या, कोंबू नका. बाटली आडवी धरा, निप्पलच्या टोकात दूध राहील एवढीच कललेली. चार-सहा घोट झाले की बाटली खाली करून श्वास घेऊ द्या. अंगावर पितानाही ते असंच थांबत-थांबत पितं. उभी बाटली धरली तर दूध आपोआप घशात उतरतं, बाळ गुदमरतं आणि दुसऱ्या दिवशी बाटली बघूनच भोकाड पसरतं.

पहिल्या दिवशी 10-15 मिली गेलं तरी पुष्कळ. दहा मिनिटांत जमलं नाही तर बाजूला ठेवा, बाळाला फिरवा, आणि तेच दूध वाटीने द्या.

नाहीच घेतलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला: निप्पल कोमट पाण्यात बुडवा, बाळाला बाहेर तोंड करून धरून गॅलरीत फेऱ्या मारत द्या, किंवा अर्धवट झोपेत द्या. दोन प्रकारची निप्पलं आणलीत तर पुरे.

आता घरगुती सल्ले. ‘दिवसभर उपाशी ठेवा, भूक लागली की घेईल’ हे ऐकू नका. निप्पलला मध लावणं तर अजिबात नको, वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साखरही नको. पायांवर आडवं झोपवून, नाक दाबून ओतायची जुनी पद्धत धोक्याची आहे, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा हे डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्या.

किती लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ चोवीस तासांत सरासरी 750 मिली पितं. आठ-नऊ तास बाहेर असाल तर 250 ते 300 मिली ठेवा, 60 ते 90 मिलीचे भाग करून. काही बाळं दिवसभर थोडंच घेतात आणि आई आल्यावर रात्रभर वसूल करतात. त्रास होतो, पण बाळाचं बिघडत नाही. दिवसरात्र मिळून सहा वेळा तरी शू व्हायला हवी. ती कमी झाली, बाळ मलूल दिसलं किंवा वजन थांबलं तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

बाटलीचे भाग सुटे करून ब्रशने घासून दहा मिनिटं उकळायचे, दर वेळी.

कामाच्या ठिकाणी आधीच बोलून ठेवा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीशिवाय दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन मधल्या सुट्या कायद्याने मिळतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. तशी सोय नसेल तर दूध काढायला कडी लागणारी खोली मागा, तीन-तीन तासांनी काढलं तर अंगावरचं दूध कमी होत नाही. सिन्नर किंवा ओझरहून परतताना बर्फाची पिशवी जवळ ठेवा, नाशिकच्या द्वारका चौकात गाडी कधी अडकेल सांगता येत नाही.

रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात बाळाला पाळणाघरात आधी दोन तास, मग अर्धा दिवस ठेवून बघा. जमलं तर साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवस आधी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा छोटा पडतो. आणि मावशींना एवढं सांगून ठेवा की मी यायच्या आधीच्या तासात बाटली देऊ नका. आल्या-आल्या अंगावर घ्यायचं आहे.