दूध बंद करून पाहताना पाळणाघरालाही यादी द्या

मुलाची पोटदुखी किंवा पुरळ दुधामुळे आहे का, हे तपासण्यासाठी बालरोगतज्ज्ञ साधारण २ ते ४ आठवडे दूध पूर्ण बंद ठेवायला सांगतात. मात्र ठाणे-नवी मुंबईत आईवडील दोघेही लोकलने कामावर जात असतील, तर हा प्रयोग बहुधा पाळणाघरातच फसतो, कारण तिथल्या मावशींच्या हिशेबी दूध म्हणजे पेल्यातले दूध. दही, ताक, तूप, पनीर, पेढा, बिस्किटे अशी लेखी यादीच त्यांच्या हाती द्यावी. पाकिटावर ‘केसीन’, ‘व्हे’ किंवा ‘मिल्क सॉलिड्स’ ही दुधाच्याच घटकांची नावे दिसल्यास तो पदार्थ वर्ज्य समजावा. बेकरीतल्या सुट्या खारीवर घटक छापलेलेच नसतात, म्हणून ती नकोच. लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेल्या दुधातही ॲलर्जीला कारण ठरणारी दुधाची प्रथिने असल्याने तेही चालत नाही. कॅल्शियमची भरपाई कशी करावी, हे डॉक्टरांनाच विचारावे. त्रास थांबला म्हणजे निदान झाले असे नाही. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार दूध पुन्हा सुरू केल्यावर लक्षणे परतली, तरच संशयाला आधार मिळतो. पूर्वी दुधाने अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर ते घरी पुन्हा देऊन पाहू नये. ती चाचणी रुग्णालयातच होते.