घरातली पन्नी कमी कशी करावी: पिशवी, डबा आणि धडा

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर दंड ५ हजार रुपये. तरी नागपुरात गोकुळपेठेतून भाजी आणली की घरी चार-पाच पन्न्या निघतातच. भाजीवाल्याच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही, आपणच हात हलवत गेलेलो असतो.

आधी आठवडाभर पन्न्या साठवा. एकही फेकू नका. रविवारी पोतं उलटं करून दूध, भाजी, किराणा, पार्सल असे ढीग लावा. आमच्याकडे भाजीचा ढीग मोठा निघेल असं मला वाटलं होतं. निघाला किराण्याचा! डाळ, साखर, रवा, शेंगदाणे, प्रत्येकाची वेगळी पन्नी. ज्याचा ढीग मोठा, तिथून सुरुवात करा.

पिशव्या जुन्या कापडाच्या शिवा. जुनी सुती साडी किंवा धोतर उत्तम. शिवून तयार पिशवी २० बाय ३० सेंटीमीटरची ठेवली की किलोभर डाळ मावते आणि वर नाडी आवळायला जागा उरते. शिवण दुहेरी घाला. रवा आणि बेसन मात्र विरळ कापडातून गळतं, त्यासाठी डबाच न्या. मुद्दाम नव्या पिशव्या विकत घेऊ नका. कापूस पिकवायला पाणी लागतं, आणि घरात जुनं कापड कमी नसतं. दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी, न विणलेली पिशवी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते.

धडा करायला, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वगळून घ्यायला शिका. डबा नेणारे बरेच जण इथेच अडतात. काट्यावर आधी रिकामा डबा ठेवायला सांगा, आकडा शून्य करून घ्या, मग भरायला सांगा. जुना तराजू असेल तर दुसऱ्या पारड्यात धडा करावा लागतो. त्यापेक्षा घरीच वजन करून डब्याच्या बुडाशी पक्क्या शाईने लिहून ठेवलेलं बरं. इतवारीत गर्दी असेल तर दुकानदाराला त्याच्याच पारड्यात मोजून डब्यात ओतायला सांगा, म्हणजे वाद नाही. साखरेच्या वेळी धडा राहिला तर फार बिघडत नाही. काजू घेताना मात्र डबा ३०० ग्रॅमचा असेल, तर तेवढ्या काजूचे पैसे स्टीलला गेले म्हणून समजा.

गरम पार्सलला डबा, तोही आधी पुढे करा. कढत, तेलकट तर्री पातळ पन्नीत बांधून आणणं मला तरी बघवत नाही. पोहे आणि तर्रीचे डबे वेगळे न्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत पोह्यांचा लगदा होतो. ऑर्डर देतानाच "डब्यात द्या" म्हणा. पार्सल बांधून झाल्यावर सांगून काही होत नाही. रश्श्यासाठी क्लिपचा, झाकणात रबर असलेला डबा घ्या आणि पाऊण भागच भरा. एकदा मी रबर बसवायला विसरले. सावजी रश्श्याचा वास स्कूटरच्या डिक्कीतून जायला पावसाळा उजाडला.

पिशवी परत जागेवर. सामान रिकामं केलं की पिशवी लगेच दाराच्या कडीला अडकवा किंवा डिक्कीत टाका. कपाटात ठेवलेली पिशवी बाजारात पोचत नाही. भाजीची पिशवी आठवड्याला धुवा. धान्याची रिकामी झाल्यावर धुवा आणि खडखडीत वाळल्याशिवाय भरू नका, बुरशी धरते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की सांबार, म्हणजे कोथिंबीर, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, घरी येईपर्यंत टवटवीत राहतो. मटण-मासळीला मात्र डबाच, पिशवीचा वास धुऊन जात नाही.

उरली दुधाची पन्नी. ओळखीच्या गवळ्याकडून बरणीत सुटं दूध मिळत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पन्नीचा कोपरा पूर्ण कापू नका, थोडा लटकता ठेवा. तुटलेला इवलासा तुकडा केरात जातो, तो कोणी वेचत नाही. पन्नी विसळून दोरीवर वाळवा आणि महिन्याचा गठ्ठा रद्दीबरोबर कबाडीवाल्याला द्या.