सैनिक आणि मुष्टियोद्धा राहिलेल्या आजोबांचे चरित्र कसे लिहावे

आजोबा युद्धावर गेलेले असतील आणि तरुणपणी मुष्टियुद्धही खेळलेले असतील, तर लिहिणारा हटकून युद्धाला ‘मोठी लढत’ म्हणू लागतो. हा मोह पहिल्याच पानावर आवरावा. रिंगमध्ये पंच असतो, घंटा होते, प्रतिस्पर्धी आपल्याच वजनगटातला असतो. रणांगणावर यांपैकी काहीच नसते.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. सेवामुक्तीच्या दाखल्यावरून सेवाक्रमांक, हुद्दा, पलटण आणि तारखा मिळतात. पदकाची कडही भिंगाखाली पाहावी, कारण पुष्कळदा तेथे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. मात्र दुसऱ्या महायुद्धाची बरीचशी ब्रिटिश पदके नाव न कोरताच दिली गेली, त्यामुळे कोरी कड पाहून पदकावर शंका घेऊ नये. सरकारी दप्तरात सगळे सापडेलच असेही नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेख केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत सैनिकांच्या सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. अशा वेळी पलटणीच्या युद्धदैनंदिनीवरून निदान ती तुकडी कोणत्या दिवशी कोठे होती हे कळते, जरी साध्या शिपायाचे नाव त्यात क्वचितच आढळते.

मुष्टियुद्धाच्या बाबतीत नुसता जिंकल्या-हरल्याचा आकडा देऊ नये. तारीख, प्रतिस्पर्धी, वजनगट, फेऱ्या आणि निकाल गुणांवर लागला की नॉकआउटने, हे जुन्या वृत्तपत्रांतून पडताळावे. प्रदर्शनीय लढती वेगळ्या मांडाव्यात. १९४२ मध्ये सैन्यात दाखल झालेला हेवीवेट विजेता जो लुई सैनिकांपुढे अशा पुष्कळ लढती खेळला, पण त्याच्या अधिकृत कामगिरीत त्या धरल्या जात नाहीत.

आजोबा हयात असतील, तर खरे काम त्यांच्याजवळ बसण्याचे आहे, आणि तेच सर्वांत नाजूक आहे. डोक्यावरील वारंवारच्या आघातांचा मेंदूवर होणारा परिणाम हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांच्या संदर्भात मांडला होता, म्हणून विस्मरणाला टाळाटाळ समजू नये. बैठका छोट्या ठेवाव्यात, हातात जुना ग्लोव्ह किंवा छायाचित्र द्यावे, आणि ‘किती जणांना मारलेत?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. त्यांचे सांगणे आणि कागद जुळत नसतील, तर दोन्ही लिहावेत. शेवटी मसुदा त्यांना वाचून दाखवावा. एखाद्या ठिकाणी ते गप्प झाले, तर तो मजकूर ठेवायचा की गाळायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे.