नोकरी लागल्यावरही आईबाबांकडेच राहायचंय? मग असं राहा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं वन रूम किचन. माणसं चार, त्यात मी २८ वर्षांची आणि कमावती. "अजून आईकडेच?" असं विचारणाऱ्यांना मी हिशोब ऐकवते: तगडं डिपॉझिट, महिन्याभराच्या भाड्याएवढं ब्रोकरेज, ११ महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा शोधाशोध. शिवाय एकटी मुलगी म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीची उलटतपासणी वेगळीच.

आधी पैशांचं ठरवा. आईच्या हातात रोख देऊ नका. ती खर्च करतच नाही, तुमच्याच नावाने आरडी उघडते आणि घर बाबांच्या पेन्शनवरच चालतं. त्यापेक्षा ठरावीक बिलं अंगावर घ्या. लाइट, गॅस, मेंटेनन्स माझ्याकडे. भाजी बाबा आणतात, त्यात मी तोंड घालत नाही.

घर बाबांच्या नावावर, पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर बाबांना भाडं देऊन सवलत घेता येते. पण भाडं खरोखर द्या: करार करा, दरमहा बँकेतूनच पाठवा. वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की ऑफिस त्यांचा पॅन मागतं. बाबांना ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, मात्र त्यावर ३० टक्के वजावट मिळते.

आता जागा. एवढ्याशा घरात स्वतःची खोली मिळत नाही, वेळ मिळते. आमची बंद केलेली गॅलरी रात्री दहानंतर माझी: फोल्डिंगचं टेबल, एक्स्टेंशन बोर्ड, हेडफोन. सकाळी पाणी आलं की बाबा मोरीत पिंप भरतात. त्या वेळेला कॉल ठेवू नका, बादल्यांचा आवाज थेट मीटिंगमध्ये जातो.

लॅचची एक किल्ली स्वतःकडे ठेवा. अर्थात किल्ली दिली म्हणून आई झोपते असं नाही. मी घाटकोपरला मेट्रोतून उतरले की मेसेज टाकते: जेवण ठेव, किंवा ठेवू नकोस. भांडणं उशिरावरून कमी, उरलेल्या आमटीवरून जास्त होतात.

लग्नाचा विषय रविवारी निघणारच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

भाडं वाचतंय तोवर म्हाडाच्या लॉटरीचा अर्ज भरा. वय १८ पूर्ण हवं. आईवडिलांच्या नावावर घर आहे म्हणून तुम्ही बाद होत नाही, फक्त जिथल्या घरासाठी अर्ज करताय त्या शहरात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर घर नसावं. अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत येते, अर्जाचं शुल्क तेवढं जातं.